भाजे आणि कार्ले एका दिवसात: पहिल्यांदा लेणी पाहायला निघालेल्यांसाठी

पुणे-मुंबई मार्गावरून जाताना मळवली आणि कार्ला फाटा या पाट्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. इंद्रायणीच्या या खोऱ्यात, एकमेकांपासून आठ-दहा किलोमीटरच्या आत, दोन हजार वर्षांपूर्वीची दोन चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली बौद्ध पूजागृहं, आहेत. दक्षिणेच्या डोंगरात भाजे, उत्तरेच्या डोंगरात कार्ले, मधून रेल्वे, महामार्ग आणि नदी. दोन्ही एका दिवसात नीट पाहून होतात. तरी बरेच जण कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाच्या गर्दीत अडकतात, भाज्याला भर उन्हात चढून थकतात आणि "आत काहीच नाही, बुद्धमूर्तीसुद्धा नाही" असं म्हणत परततात. वेळा आणि क्रम आधी ठरवले, काय पाहायचं ते माहीत असलं, तर हे सगळं टळतं.

१. आधी वार ठरवा, मग क्रम

भाजे आणि कार्ले ही दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत आणि सगळं नियोजन त्यावरच ठरतं. डोंगर पाठीशी असल्यामुळे सकाळी पायऱ्यांवर सावली असते. दुपारनंतर ऊन समोरून येतं, पायऱ्या तापतात, पण तेच ऊन चैत्यगृहात शिरतं.

कामाचा वार असेल तर सकाळी भाजे आणि दुपारी कार्ले. भाज्याची चढण सावलीत होते. दुपारी दोननंतर कार्ल्याच्या मोठ्या पिंपळपानी गवाक्षातून उजेड आत उतरू लागतो. शिवाय भाजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं आणि कार्ले इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं असल्यामुळे जुन्याकडून नव्याकडे जाणं होतं. लाकडाची बांधणी दगडात कशी उतरली हे या क्रमाने पाहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

रविवार किंवा सुट्टी असेल तर क्रम उलटा करा. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा आईचं मंदिर आहे आणि दोन्हींची वाट एकच. सुट्टीला दहानंतर पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. अशा दिवशी कार्ल्याला तिकीटखिडकी उघडताना हजर राहा आणि आतल्या अंधारासाठी टॉर्च न्या. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र या दिवसांत कार्ले लेणी पाहण्याचा बेतच करू नका. ते दिवस देवीच्या भक्तांचे आहेत.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर फार सुंदर दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, धुकं आलं तर लेण्यात मिट्ट काळोख होतो आणि भाज्याच्या वाटेवरच्या धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते. धोक्याच्या दिवसांत प्रशासन या भागात बंदीचे आदेश काढतं, म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी आदल्या दिवशीच्या बातम्या पाहा.

२. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मूल उंच असेल तर त्याचं आधार कार्ड जवळ ठेवा.
- सुटे पैसे. दोन्ही लेण्यांचं तिकीट वेगवेगळं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या या श्रेणीतल्या स्मारकांना भारतीयांसाठी रोख २५ रुपये आणि ऑनलाइन २० रुपये असा दर आहे, परदेशी नागरिकांना रोख ३०० रुपये. ऑनलाइन काढायचं असेल तर घरूनच काढा. डोंगरावर नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही.
- माणशी किमान दीड-दोन लिटर पाणी. लेण्यांतल्या टाक्यांचं पाणी पिऊ नका.
- पसरट उजेडाचा टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण बॅटरी लवकर उतरते आणि परतीचं तिकीटही त्याच मोबाइलवर असतं.
- रबरी तळव्याचे बूट. गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्यांवर चपला घसरतात.
- छोटी दुर्बीण असेल तर जरूर. खांबांवरचे हत्ती आणि छताच्या कमानी खालून नीट दिसत नाहीत.
- टोपी आणि एक रिकामी पिशवी, आपला कचरा परत आणायला.

अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने, धुराने किंवा आरडाओरड्याने ती उठतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड झाकून शक्य तितक्या लवकर लांब व्हा.

३. पोहोचायचं कसं

*पुण्याहून:* लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. कामशेतनंतरचं स्टेशन मळवली, त्यापुढे थेट लोणावळा. सकाळची लवकरची गाडी घ्या. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकलमध्ये बराच मोठा खंड असतो, त्यामुळे "दीडच्या सुमारास परत निघू" असा हिशेब ठेवला तर स्टेशनवर बसून राहावं लागतं. परतीच्या संध्याकाळच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा.

*मुंबईहून:* एक्स्प्रेस मळवलीला थांबत नाहीत. पहाटेच्या इंद्रायणीने लोणावळ्याला उतरा आणि तिथून पुण्याकडे जाणारी लोकल धरा, किंवा सरळ रिक्षा ठरवा.

*स्वतःच्या गाडीने:* जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने या. द्रुतगती मार्ग मळवली आणि भाजे यांच्या मधूनच जातो, पण तिथे उतरायला वाट नाही. नकाशावर अंतर जवळ दिसतं म्हणून फसू नका.

मळवली स्टेशनवरून भाजे गाव दोन-तीन किलोमीटर आहे. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की रस्ता गावात जातो. चालत पाऊण तास धरा. गावातून पुढे सरळ जाणारा रस्ता लोहगडवाडीकडे चढतो. लेण्यांच्या पायऱ्या गावाजवळूनच सुरू होतात, तेव्हा गडाकडे जाणाऱ्या घोळक्याच्या मागे जाऊ नका.

भाज्याहून कार्ल्याला जायला थेट बस नाही. रिक्षा किंवा टमटम ठरवावी लागते. ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: कार्ल्याला वेहेरगावात पायथ्याशी सोडणार की वरच्या वाहनतळापर्यंत, आणि परतीला थांबणार की नाही. संध्याकाळी वरून मळवलीला येणारी रिक्षा मिळेलच असं नाही, म्हणून सकाळच्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन वेळ ठरवून ठेवलेली बरी. अगदीच काही मिळालं नाही तर कार्ला फाट्यावर या. तिथून लोणावळ्याकडे जाणारी वाहनं मिळतात.

४. भाजे: दीड-दोन तास द्या

लेणी उघडण्याची वेळ सकाळी नऊ आणि बंद होण्याची संध्याकाळी पाच धरून चला. पायऱ्या सलग आहेत. सवय नसलेल्यांनी मधे दोनदा टेकायला हरकत नाही. पंचवीस-तीस मिनिटांत वर पोहोचता.

इथे बावीस लेणी आहेत. तिकीटखिडकीतून आत आल्यावर समोरच मोठ्या कमानीचं चैत्यगृह दिसतं, ते बारावं. लगेच आत जाऊ नका. आधी उंबऱ्यापाशी उभं राहून खालच्या कातळात पाहा: चौकोनी खाचा दिसतील. इथे दगडी भिंत कधीच नव्हती. संपूर्ण दर्शनी भाग लाकडी होता आणि त्याच्या खांबांची टोकं या खाचांमध्ये बसवलेली होती. लाकूड गेलं, खाचा राहिल्या. आज चैत्यगृह समोरून उघडं दिसतं ते त्यामुळे.

आता आत या आणि कडेच्या एका खांबाशेजारी ताठ उभे राहा. खांब तुमच्याशी समांतर नाही, तो आतल्या बाजूला झुकलेला आहे. असे सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कलते रोवतात. कातळात कोरताना असा भार नसतोच, तरी कारागिरांनी ओळखीची रीत सोडली नाही. वर पाहिलंत तर जुन्या वाड्याच्या छताच्या वाशांसारख्या लाकडी कमानी दिसतील. छत दगडाचं आहे, त्याला या कमानींच्या आधाराची गरज नाही. त्या बसवल्या त्या लाकडी सभागृहाचं रूप पूर्ण व्हावं म्हणून.

बुद्धमूर्ती शोधू नका. हे लेणं कोरलं गेलं त्या काळात बुद्धांची मानवरूपात मूर्ती करण्याची प्रथा इथे नव्हती. समोरचा स्तूप हेच पूजास्थान. प्रदक्षिणा उजवी घालावी, म्हणजे स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील.

चैत्यगृहाच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, थोडं चालून गेलात की एका गटात चौदा स्तूप लागतात. पाच कड्याच्या आत, नऊ बाहेर. भाज्यातली सर्वांत हलवून टाकणारी जागा हीच आहे आणि लोक इथे फक्त फोटो काढतात. हे इथल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, स्मृतिस्तूप आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांवर कोरलेली आहेत. अक्षरं पुसट झाली आहेत. टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही. तो दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरपा धरा, की ब्राह्मी अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ती उठून येतात. कार्ल्यातही हीच युक्ती वापरायची आहे. अक्षरांवर खडू, पावडर किंवा पाणी मात्र कधीही लावू नका, बोटही फिरवू नका.

त्याही पुढे टोकाला एकोणिसावं लेणं आहे. बहुतेक जण स्तूपांपासूनच मागे फिरतात आणि भाज्याचं सर्वोत्तम शिल्पकाम पाहायचं राहून जातं. या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या, ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथातली आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवर आरूढ झालेली अशी दोन मोठी शिल्पं आहेत. अभ्यासक त्यांना साधारणपणे सूर्य आणि इंद्र मानतात, पण त्यावर मतभेद आहेत. हत्तीच्या शिल्पाच्या खालच्या भागात एक बाई दोन वाद्यं पुढ्यात घेऊन वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तबल्याच्या इतिहासाची चर्चा निघाली की हे शिल्प हमखास दाखवतात. आकाराने ते लहान आहे, शोधूनच पाहावं लागतं.

पाण्याच्या टाक्यांकडेही लक्ष असू द्या. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे आणि इथलं एक टाकं कोसिकीपुत्र विण्हुदत नावाच्या महारठीचं, म्हणजे प्रादेशिक सरदाराचं, दान आहे. भिक्खू वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, इथे राहत, त्यांच्या पाण्याची सोय करणं हे मोठं पुण्यकर्म समजलं जाई.

५. जेवण मधे उरका

भाजे गावात घरगुती जेवण मिळतं. वर चढण्याआधी सांगून ठेवलं तर उतरेपर्यंत पिठलं-भाकरी किंवा इंद्रायणी भात तयार असतो. इथे जमलं नाही तर कार्ला फाट्यावर भरपूर हॉटेलं आहेत. स्वच्छतागृह पायथ्याशीच वापरून घ्या. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे विसरू नका.

६. कार्ले: दोन तास, दोनच्या आत पोहोचा

वरच्या वाहनतळापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या. दोन्ही बाजूंना ओटीच्या आणि खेळण्यांच्या दुकानांची सावली आहे. माकडांपासून पिशव्या सांभाळा. वर पोहोचल्यावर देवीच्या दर्शनाची रांग आणि लेण्यांचं तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक चुकून तासभर रांगेत उभे राहतात. फक्त लेणी पाहायची असतील तर रांगेत न शिरता तिकीटखिडकी विचारा.

आत आलात की डावीकडे सोळा पैलूंचा सिंहस्तंभ आहे, माथ्यावर चार सिंह. गोतिपुत्र महारठी अग्निमित्रणक याने तो दिल्याचं त्यावरच कोरलेलं आहे. त्याच्या जोडीचा स्तंभ उजवीकडे असावा असं मानतात. तिथे आज एकवीरेचं मंदिर आहे. मंदिर आणि लेणी यांच्यावरून वाद घालणारे तुम्हाला इथे भेटतील. त्यात पडू नका. कोळी आणि इतर अनेक समाजांचं हे कुलदैवत आहे, तिथे येणाऱ्यांची श्रद्धाही तुमच्याइतकीच खरी आहे.

ओसरीत किमान वीस मिनिटं थांबा. दोन्ही टोकांना भिंतीतून बाहेर येणारे हत्ती, दारांच्या मधे स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या. त्या जोड्या मूळच्या आहेत. त्यांच्या आजूबाजूला दिसणाऱ्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर, महायान या नंतरच्या बौद्ध पंथाच्या काळात, कोरल्या. भिंत नीट पाहिली तर जुनं काम कापून नवं बसवल्याच्या खुणा दिसतात. डाव्या टोकाला तो प्रसिद्ध लेख आहे: वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे. दोन हजार वर्षांनंतरही हा दावा टिकून आहे. भारतातलं सर्वांत मोठं शैलचैत्यगृह हेच, लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर.

आत शिरल्यावर दोन मिनिटं डोळे सरावू द्या. मग खांब मोजत चला. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, पायाशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. स्तूपाच्या मागे सात खांब मात्र साधे अष्टकोनी, ना घट ना हत्ती. एकूण सदतीस. स्वारांचे चेहरे, केशरचना, दागिने प्रत्येक खांबावर वेगळे आहेत. दुर्बीण इथे वसूल होते.

खांबांवर देणाऱ्यांची नावं आहेत आणि कार्ल्याचं खरं वैभव तेच आहे. एका राजाने हे बांधून टाकलं असं झालेलं नाही. धेनुकाकट नावाच्या गावातल्या अनेक यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) एकेक खांब दिला. गंधाचा व्यापार करणाऱ्या सिंहदताने दार दिलं, आणि दाराचं काम करणारा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याचंही नाव कोरलेलं आहे. सोपारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याहून आलेल्या सातिमित या भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथ पाठ म्हणणाऱ्या भिक्खूने, धातू (पवित्र अवशेष) ठेवलेला खांब दिला. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक लेण्यांतल्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेख इथेच आहे. वलुरक हे या जागेचं जुनं नाव.

स्तूपाच्या डोक्यावर लाकडी छत्र आहे, मूळचं. दुर्बीण लावून त्याची खालची बाजू पाहा, तिथली नक्षी अजून शाबूत आहे. छताच्या सागवानी कमानीही जुन्याच.

याच कारणासाठी आत मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर काहीही लावू नका. काजळी दगडावर बसते ती निघत नाही, आणि वर दोन हजार वर्षांचं कोरडं लाकूड आहे. वंदना करायची असेल तर स्तूपासमोर उभं राहून हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणा, प्रदक्षिणा घाला. मोठा गट घेऊन येणार असाल किंवा फुलं ठेवायची असतील तर कर्मचाऱ्यांना आधी विचारा. लाउडस्पीकर आणू नका. या कमानदार छताखाली साधा गळासुद्धा पुरेसा घुमतो.

वेळ उरला तर बाजूचे विहार पाहा. घाई असेल तर सोडा, पण चैत्यगृहातली मिनिटं कमी करू नका.

७. नियम आणि नेहमीच्या चुका

दोन्ही लेणी १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाचं नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाव कोरणं हेही त्यात आलं. ट्रायपॉडला परवानगी लागते. ड्रोन नेऊच नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याच दिवशी लोहगड किंवा विसापूरही उरकायचा बेत. गड तीन-चार तास खातो आणि लेण्यांना अर्धा तास उरतो. गडासाठी वेगळा दिवस काढा.

दुसरी चूक, वर गेल्यावर मिळेल त्या माणसाचं ऐकणं. "पांडवांनी एका रात्रीत कोरलं" ही कथा प्रेमाने ऐका, पण मुलांना शिलालेखांतली नावं सांगा.

८. गाडी असेल तर बेडसे जोडा

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यावर बेडसे लेणी आहेत. ही पूर्वाभिमुख, म्हणून दिवसाची सुरुवात इथून करा, आठच्या सुमारास कोवळं ऊन थेट ओसरीत येतं. समोरचा कातळ पूर्ण काढलेला नाही, त्यामुळे अरुंद वाटेने आत जावं लागतं आणि मग एकदम समोर ते उंच खांब उभे राहतात, माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि स्वार. इथे तिकीट नाही, गर्दी नाही, पाणी किंवा खाणंही नाही. साडेनऊपर्यंत उतरलात तर भाजे-कार्ले आरामात होतं.

९. परतताना

कार्ल्याहून साडेचारला निघा. पाचच्या सुमारास पहारेकरी सगळ्यांना बाहेर काढतात आणि तेव्हा रिक्षांसाठी झुंबड उडते. पुण्याकडे लोकलने जात असाल आणि पायांत त्राण असेल तर देहूरोडला उतरा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तो विहार तिथे आहे. पुढची लोकल किती वाजता आहे ते स्टेशनवरच पाहून मग बाहेर पडा.